कुत्रा खाजवतोय? आधी जागा पाहा

शेपटीच्या बुडाशी सारखा चावत असेल, तर बहुधा पिसवा. त्यांची अंडी अंगावरून गळून अंथरुणात, जमिनीच्या फटींत पडतात. म्हणून नुसता कुत्रा धुऊन भागत नाही. त्याचे गोणपाटही उकळत्या पाण्यातून काढा. कानांच्या कडा आणि कोपरांवरचे केस झडून खपल्या धरल्या, तर खरजेचा संशय घ्या. ती कुत्र्याला हाताळणाऱ्या माणसालाही काही दिवस छळते. कानात, बोटांच्या बेचक्यांत गोचीड दडतात आणि रक्ताचे आजार पसरवतात.

मध्य प्रदेशातला लोधीखेडा, सौंसर, पांढुर्णा हा संत्र्याचा आणि कपाशीचा मुलूख. फवारणीचे औषध घरोघरी हाताशी असते. ते कुत्र्यावर कधीही टाकू नका. जळके ऑइल, रॉकेलही नको. कुत्रा अंग चाटतो, विष थेट पोटात जाते. माणसांचा साबणही त्याच्या कातडीला मानवत नाही.

खरजेचे किडे डोळ्यांना दिसत नाहीत; डॉक्टर कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. औषधाची मात्रा वजनावर ठरते, तेव्हा शेजाऱ्याच्या कुत्र्याची उरलेली गोळी देऊ नका. मध्य प्रदेशात फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी 1962 हा क्रमांक आहे. जखम चिघळण्याआधी फोन करा.