अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे आणि तिपेडी अन्याय

अस्पृश्य मानल्या गेलेल्या स्त्रियांची अखिल भारतीय परिषद 20 जुलै 1942 रोजी नागपुरात भरली, तेव्हा तिच्या अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत झालेल्या या परिषदेला सुमारे 25000 स्त्रिया जमल्या होत्या. जातीचा अपमान, मजुरीतील पिळवणूक आणि घरातील पुरुषी सत्ता हे तिन्ही जाच एकाच बाईच्या वाट्याला येत असल्याने त्यांच्याशी एकाच वेळी झगडले पाहिजे, हे भान या परिषदेच्या ठरावांत जितके स्वच्छ दिसते, तितके त्या काळच्या राजकारणात अन्यत्र क्वचितच आढळते.

या भानाची पार्श्वभूमी वऱ्हाडातच होती. अमरावती-अकोल्याची श्रीमंती कापसावर उभी राहिली, आणि वेचणीपासून जिनापर्यंत, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यापर्यंत, तो कापूस बायांच्या हातांतून जात असे. अमरावतीतच अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी 1927 साली सत्याग्रहाची हाक दिली गेली आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये इंद्रभुवन नाट्यगृहात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली. एरवी नाटकांसाठी असलेली ती जागा अशा रीतीने समतेच्या राजकारणाची जागा झाली.

तरीही स्त्रियांचे स्वतंत्र व्यासपीठ कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील, तर त्याचे उत्तर 1937 च्या डिसेंबरातील एका पंगतीत आहे. अखिल भारतीय महिला परिषदेच्या नागपूर अधिवेशनात जेवणाच्या वेळी दलित प्रतिनिधींना वेगळे बसवले गेले, आणि मुलींची शाळा चालवणाऱ्या जाईबाई चौधरी यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या वागणुकीचा जाहीर निषेध केला. भगिनीभावाची भाषा ताटापाशी संपत असेल, तर वेगळी चूल मांडण्यावाचून गत्यंतर नव्हते.

नागपूरचे ठराव बारकाईने वाचण्याजोगे आहेत. घटस्फोटाचा कायदेशीर हक्क मिळावा आणि बहुपत्नीत्वाला बंदी व्हावी, गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका व रेल्वे येथील कामकरी स्त्रियांना वर्षाला 21 दिवसांची किरकोळ रजा, दुखापतीबद्दल भरपाई आणि 20 वर्षांच्या नोकरीनंतर दरमहा 15 रुपये निवृत्तिवेतन मिळावे, गिरण्यांत बायांवर देखरेखीसाठी स्त्रियाच नेमाव्यात, अशा त्या मागण्या होत्या. सुलोचनाबाईंनी अध्यक्षीय भाषणात संततिनियमनाचाही पुरस्कार केला. संततिनियमनाचे प्रचारक र. धों. कर्वे यांना लैंगिक विषयांवरील लेखनापायी कोर्टाची पायरी चढावी लागली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे हजारो कष्टकरी बायांपुढे तो विषय उघडपणे मांडण्यामागचे धैर्य कळते.

सात वर्षांनी, 1949 मध्ये, क्लॉडिया जोन्स या कृष्णवर्णीय कार्यकर्तीने अमेरिकेत आपला प्रसिद्ध निबंध लिहिला आणि वंश, वर्ग व लिंग या तिन्ही पातळ्यांवर कृष्णवर्णीय स्त्रीची गळचेपी होते, असे प्रतिपादन केले. त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या या कम्युनिस्ट लेखिकेला 1955 मध्ये अमेरिकेने हद्दपार केले; पुढे लंडनमध्ये तिने कॅरिबियन स्थलांतरितांसाठी वृत्तपत्र काढले आणि वंशद्वेषी दंगलींनंतर, जानेवारी 1959 मध्ये, गाण्या-नाचाचा कार्निव्हल भरवून कलेलाच प्रतिकाराचे रूप दिले. नागपूरची परिषद आणि हा निबंध यांचा एकमेकांशी काही संबंध नसताना दोन्हीकडची मांडणी इतकी जुळावी, याचे कारण अन्यायाची घडणच दोन्हीकडे सारखी होती. क्लॉडिया जोन्सचे नाव आज जगभर घेतले जाते. सुलोचनाबाईंचे नाव मात्र खुद्द अमरावतीतही घराघरांत पोहोचायला हवे होते, ते पोहोचलेले नाही. मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ या 1989 च्या ग्रंथात या पिढीची नोंद जपली, हे त्यांचे मोठे ऋण आहे.

साहित्यात हीच जाणीव दलित लेखिका कुमुद पावडे यांच्या 1981 च्या ‘अंतःस्फोट’मध्ये प्रकटली. संस्कृतची पदव्युत्तर पदवी असूनही माहेरच्या सोमकुवर या आडनावावर त्यांना नोकरी मिळाली नाही. आंतरजातीय विवाहानंतर पावडे या आडनावाने ती मिळाली, हे त्यांनी परखडपणे नोंदवले आहे.

परिषदेच्या मागण्यांपैकी घटस्फोट आणि एकपत्नीत्व यांना 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने मान्यता दिली. कायदेमंडळांत आणि स्थानिक संस्थांत दलित स्त्रियांना प्रतिनिधित्व मिळावे, या मागणीचा पाठपुरावा मात्र फार लांबला. ग्रामपंचायती व नगरपालिकांत ते आरक्षण 1992 च्या घटनादुरुस्त्यांनी आले, आणि लोकसभा व विधानसभांसाठीची तरतूद, अनुसूचित जातींच्या राखीव जागांतील एक तृतीयांश जागांसह, 2023 मध्ये 106 व्या घटनादुरुस्तीने संविधानात दाखल झाली.