हवामान बदल आणि जव्हार-मोखाड्यातील आरोग्यसेवक

हवामान बदल म्हटला की ध्रुवावरचा वितळणारा बर्फ डोळ्यांपुढे येतो, आणि हा प्रश्न शास्त्रज्ञांचा व सरकारांचा आहे असे आपण धरून चालतो. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज मात्र वेगळी बाजू दाखवतो. २०३० ते २०५० या काळात हवामान बदलामुळे दरवर्षी सुमारे अडीच लाख जादा मृत्यू होतील, आणि ते कुपोषण, हिवताप, अतिसार व उष्णतेचा ताण या चार कारणांनी होतील, असे संघटना सांगते. जव्हार तालुक्यातील जामसरसारख्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणाऱ्यांना ही नावे परकी नाहीत.

जव्हार-मोखाड्यात पाऊस धो धो पडतो. परंतु डोंगरउतारावरून पाणी वाहून जाते आणि उन्हाळ्यात पाड्यापाड्यांवर टंचाई सुरू होते. भात, नागली, वरई ही पिके पावसावरच अवलंबून. पिके निघाली की अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर मजुरीला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. भर पावसाळ्यात घरातील धान्य संपत आलेले, मजुरी थांबलेली व पिण्याचे पाणी गढूळ असते. याच दिवसांत मुलाला अतिसार होतो, वजन घटते आणि अशक्त मूल पुढच्या आजाराला लवकर बळी पडते.

१९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता. १९९५ साली राज्याच्या आदिवासी भागासाठी नवसंजीवनी योजना सुरू झाली. पावसाळ्यापूर्वी धान्य व औषधे पोहोचवणे, पथकांनी पाड्यांवर जाऊन तपासणी करणे, ही तिची मुख्य कामे. म्हणजेच या योजनेचा पाया पावसाळ्याचे वेळापत्रक हा आहे.

आज नेमके हे वेळापत्रकच डळमळीत झाले आहे. हवा एक अंश सेल्सियसने तापली की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते. म्हणून पाऊस कोसळतो तेव्हा अधिक जोराने कोसळतो. मध्ये मोठा खंड पडला तर लावणी लांबते, पीक लांबते आणि भुकेचे दिवसही वाढतात. हा बदल सर्वात आधी दिसतो तो अंगणवाडीच्या वजनकाट्यावर.

म्हणून आरोग्यसेवकाचे पहिले काम नोंद ठेवण्याचे आहे. कोणत्या आठवड्यात अतिसार वाढला, विहीर केव्हा आटली, मुलांची वजने केव्हा घटू लागली, हे आशा, परिचारिका व अंगणवाडी सेविका यांच्या नोंदींतून एकत्र मांडले, तर पुढच्या वर्षीची तयारी ठरीव तारखेऐवजी प्रत्यक्ष परिस्थिती पाहून करता येईल.

दुसरे काम पूर्वतयारीचे. मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत अहमदाबादेत एरवीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू झाले. त्यानंतर २०१३ साली तेथे उष्णता कृती आराखडा आला. त्यात लोकांना आगाऊ इशारा व डॉक्टर-परिचारिकांना प्रशिक्षण यांवर भर होता. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या सोहळ्यात उष्माघाताने चौदा जणांचा बळी गेला, तेव्हा दमट कोकणपट्टीही सुरक्षित नाही हे दिसून आले. वीटभट्टीवर राबणाऱ्या गरोदर स्त्रीला हा इशारा तिच्या भाषेत व तिच्या कामाच्या जागी मिळाला पाहिजे.

तिसरे काम आरोग्यसेवेच्या घरातले. जगातील हरितगृह वायूंपैकी जवळजवळ ५ टक्के आरोग्यसेवेतून निघतात. यात जामसरसारख्या केंद्राचा वाटा नगण्य. काटकसर करायची ती मोठ्या शहरी रुग्णालयांनी. लहान केंद्रांची गरज वेगळी आहे. बऱ्याच लसी २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात, वादळपावसात वीज जाते. तेथे सौरऊर्जा ही चैन नसून निकड आहे.

चौथे काम बोलण्याचे. गावच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत, ग्रामसभेत परिचारिकेने पाण्याचा प्रश्न मांडला तर तो आजाराच्या पुराव्यासह मांडला जातो. १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. भातापेक्षा कमी पाण्यावर येणारे हे धान्य ताटात टिकावे, हेही तिनेच सांगावे.

आपल्यातील जे विद्यार्थी वैद्यक, परिचर्या किंवा औषधनिर्माणशास्त्र शिकत आहेत, त्यांनी या कामाकडे आवर्जून लक्ष द्यावे. ज्यांनी हवा तापवण्यात सर्वात कमी भर घातली, त्या पाड्यांवरील मुलांना तिची झळ सर्वात आधी लागत आहे. तेथे सेवेस जाणाऱ्याने औषधाच्या पेटीबरोबर पावसाची वहीही जवळ ठेवावी.