यंत्रमानवाला वजन हवं

शेगावच्या मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या खेळण्यांच्या दुकानांत हल्ली सेलवर चालणारे प्लॅस्टिकचे रोबोट ओळीने मांडलेले असतात. डोळ्यांत लाल दिवे, छातीला उघडणारं दार, आवाज तर विचारूच नका. दर्शन आटोपून आलेली पोरं हट्ट धरतात आणि बरोबरचे पन्नाशीकडे झुकलेले वडील खेळणं उचलून आधी हातावर तोलून बघतात. ते हलकं लागतं. त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर जी निराशा दिसते, तिच्यामागे पक्कं भौतिकशास्त्र आहे.

या पिढीने ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ‘जायंट रोबोट’ पाहिला. जपानमध्ये 1967-68 साली दाखवलेली ही 26 भागांची मालिका मित्सुतेरू योकोयामा यांच्या चित्रकथेवरून बेतलेली होती. आपल्याकडे ती इंग्रजीत यायची आणि संवाद निम्मेही कळत नसत. पण मनगटावरच्या घड्याळात बोलणारा मुलगा आणि फक्त त्याचाच हुकूम मानणारा 30 मीटर उंचीचा यंत्रमानव समजायला भाषा लागत नव्हती. शेवटच्या भागात तो शत्रूला कवटाळून अवकाशात झेपावतो आणि उल्केवर आदळून स्वतः संपतो. हे पाहून रडलेले अनेक जण आज पोराबाळांचे बाप आहेत.

खेळणी मात्र इकडे क्वचितच पोचली. परदेशी मालाच्या आयातीवर कडक निर्बंध होते. तिकडे जपानमध्ये 1974 साली पोपी या कंपनीने ‘चोगोकिन’ मालिकेत टीव्हीवरच्या कार्टूनमधला यंत्रमानव ‘माझिंगर झेड’ बाजारात आणला. वीतभरापेक्षाही कमी उंचीचा हा बाहुला जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेला होता. या मिश्रधातूची घनता दर घन सेंटीमीटरला साडेसहा ग्रॅमच्या आसपास असते, तर खेळण्यांत वापरतात त्या एबीएस प्लॅस्टिकची एक ग्रॅमच्या जरा वर. म्हणजे तेवढ्याच आकाराचा तुकडा सहा पट जड. मुलाच्या मुठीला हा फरक लगेच कळतो. पडद्यावर जो प्रचंड दिसला, तो हातातही जड लागला की मन त्याच्यावर विश्वास ठेवतं.

त्याआधीचे जपानी यंत्रमानव पत्र्याचे होते. महायुद्धानंतर कच्चा माल नव्हता, तेव्हा अमेरिकी सैन्याने टाकून दिलेल्या डब्यांच्या पत्र्यापासून तिथल्या कारागिरांनी खेळणी घडवली. चावीचा पत्र्याचा यंत्रमानव उघडला, तर आत काय असतं? गुंडाळलेली पोलादी स्प्रिंग, तीन-चार दातेरी चाकं आणि दोन्ही पाय आलटूनपालटून पुढे सरकवणारा वाकडा दांडा. पाय फारसे उचललेच जात नाहीत. तळव्याखालची एकाच दिशेने फिरणारी चिमुकली चाकं त्याला मागे घसरू देत नाहीत. सगळ्यात हुशारीचा भाग म्हणजे शेवटच्या चाकावर टेकलेली एक इवलीशी पट्टी. चाकाचा प्रत्येक दात तिला एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे ढकलतो. ‘कर्र कर्र’ आवाज येतो तो तिचाच. ती काढली, तर स्प्रिंग एका झटक्यात सुटेल आणि यंत्रमानव थरथरून थांबेल. ती आहे म्हणून तो सावकाश, रुबाबात चालतो. त्याच्या हलक्या पत्र्याला भारदस्तपणा देते ती पट्टी.

हा संथपणा एवढा पटतो कशामुळे? 1.8 मीटर उंचीचा माणूस 30 मीटरचा केला, तर उंची सुमारे 17 पट होते. तळव्याचं क्षेत्रफळ सुमारे 280 पट वाढतं, पण आकारमान आणि वजन सुमारे 4,600 पट. म्हणजे पायाच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवरचा भार 17 पट. तो पेलणं खऱ्या यंत्रालाही जड जातं. योकोहामा बंदरावर 2020 ते 2024 या काळात 18 मीटर उंचीचा, 25 टनांचा हलता ‘गुंडम’ यंत्रमानव उभा होता. तो गुडघा वाकवायचा, पाऊल उचलायचा, पण सगळा भार पाठीमागच्या लोखंडी मनोऱ्याने कमरेत पेललेला असायचा.

आणि वेळही बदलतो. 1.8 मीटरवरून पडलेली वस्तू 0.6 सेकंदात जमिनीवर येते, 30 मीटरवरून पडलेलीला अडीच सेकंद लागतात. गुरुत्वाकर्षण तेच असल्यामुळे पडण्याचा, झुलण्याचा, पाऊल टाकण्याचा वेळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. शेगावकरांना हा नियम शिकवायची गरजच नाही. गजानन महाराजांच्या पालखी सोहळ्यात अश्व आणि गज एकाच वाटेने चालताना ज्यांनी पाहिले आहेत, त्यांनी तो डोळ्यांनी पाहिला आहे. घोड्याची टापेवर टाप पडते, हत्तीचा पाय मात्र आपल्या वेळेने येतो.

रबरी पोशाखातल्या नटाला राक्षस म्हणून दाखवणाऱ्या जपानी छायाचित्रकारांना हे माहीत होतं. 17 पट मोठा भास हवा, तर हालचाल चार पट संथ दिसली पाहिजे. म्हणून सेकंदाला 24 ऐवजी शंभराच्या आसपास चौकटी टिपायच्या आणि नेहमीच्या वेगाने दाखवायच्या. कोसळणारी इमारत पुठ्ठ्याची असली, तरी धुरळा सावकाश खाली बसतो आणि डोळा फसतो.

आजच्या संगणकीय चित्रपटांत नेमकी इथेच गफलत होते. ‘ट्रान्सफॉर्मर्स’ या चित्रपटमालिकेचं मूळ टाकारा या जपानी कंपनीच्या ‘डायाक्लोन’ आणि ‘मायक्रोमॅन’ या खेळण्यांत आहे. हॅस्ब्रो या कंपनीने 1984 साली ती नव्या नावाने अमेरिकेत आणली. त्यातल्या ट्रकचा रोबोट करताना प्रत्येक बिजागरी खरी होती, चाकं कुठे गेली हे बोटांना ठाऊक असायचं. 2007 च्या चित्रपटात ट्रकचा रोबोट होणाऱ्या ऑप्टिमस प्राइमला दहा हजारांवर सुटे भाग होते, पण कोणता भाग कुठून आला हे डोळ्याला पकडता येत नव्हतं. मारामारीत ते लोखंड कागदासारखं भिरभिरायचं. 2018 च्या ‘बंबलबी’त आकार पुन्हा साधे, खेळण्याजवळचे झाले आणि म्हणूनच तो मला या मालिकेतला सगळ्यात प्रामाणिक चित्रपट वाटतो. मेक्सिकोत वाढलेले दिग्दर्शक गिलेर्मो देल तोरो यांनी 2013 साली ‘पॅसिफिक रिम’मध्ये यंत्रांना हवं तेवढं संथ चालू दिलं. तिथे एक ठोसा पोचायलाही वेळ लागतो आणि तो लागला की खुर्चीतला माणूस हादरतो. ‘व्होल्ट्रॉन’वरच्या चित्रपटाची चाहते आता वाट पाहताहेत. त्यातले पाच यांत्रिक सिंह एकत्र येऊन एक देह बनताना त्या सांध्यांत वजन जाणवावं, एवढी एकच अपेक्षा आहे.

वजनाइतकाच चेहराही महत्त्वाचा. टोकियोतले प्राध्यापक मासाहिरो मोरी यांनी 1970 साली एक प्रसिद्ध आलेख मांडला. यंत्र माणसासारखं होत जातं तशी आपुलकी वाढते, पण फारच माणसासारखं झालं की अचानक किळस आणि भीती वाटू लागते, आलेखात खोल दरी पडते. खेळण्यातला रोबोट त्यांनी या दरीच्या अलीकडे, चढणीच्या मध्यावर ठेवला. चौकोनी डोकं आणि दोन दिवे, बाकीचं माणूसपण मूल स्वतः भरतं. याच मोरींच्या वर्गातल्या प्रयोगांतून जपानची रोबोट स्पर्धा उभी राहिली. त्याच परंपरेतल्या आशियाई ‘रोबोकॉन’चं यजमानपद 2008 आणि 2014 साली पुण्याकडे होतं.

शेगावात 1983 पासून गजानन महाराजांच्या नावाचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या मुलांनी एखाद्या प्रदर्शनात पत्र्याचा चावीचा रोबोट उघडून, त्या पट्टीसकट, शाळकरी पोरांच्या हातात द्यावा. आणि मराठी पडद्याकडेही माझं मागणं आहे. जयंत नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीत आपला स्वतःचा यंत्रमानव आहे, वामन. त्याच्यावर चित्रपट करणाऱ्याने वामनाला रबरी कातडी आणि नटाचा चेहरा देण्याचा मोह टाळावा. पडद्यासाठी तो खरोखर घडवावा, धातूचा, उचलायला दोन माणसं लागतील असा, आणि कॅमेरा लावण्याआधी त्याला चालायला शिकवावं.