डॉक्टर बदलण्याआधी

औरंगपुरा, निराला बाजार, समर्थनगर या पट्ट्यात दवाखाना शोधावा लागत नाही. पैठण-गंगापूरकडून आलेले रुग्णही इथेच चौकशी करतात. पर्याय एवढे असले की तीन दिवसांत गुण आला नाही तर चौथ्या दिवशी दुसऱ्या दवाखान्याची पायरी चढली जाते. या सवयीमागचे काही समज खोडून काढायलाच हवेत, कारण त्यांची किंमत शेवटी रुग्णच मोजतो.

‘फॅमिली डॉक्टर म्हणजे जुनी ओळख, उपचारांशी तिचा काय संबंध?’ संबंध आहे, आणि तो मोजलाही गेला आहे. नॉर्वेत २००१ पासून प्रत्येकाला ठरलेला डॉक्टर मिळण्याची सोय आहे. तिथल्या सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदींचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच डॉक्टरकडे १५ वर्षांहून अधिक काळ जाणाऱ्यांमध्ये, जेमतेम वर्ष झालेल्यांच्या तुलनेत, तातडीने रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण २८ टक्क्यांनी आणि मृत्यूचे प्रमाण २५ टक्क्यांनी कमी आढळले. असे अभ्यास नोंदींवर आधारलेले असतात, त्यामुळे सगळे श्रेय एकट्या डॉक्टरला देता येत नाही. पण २०१८ मध्ये नऊ देशांतले २२ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा त्यांतल्या १८ अभ्यासांचा कल याच बाजूचा निघाला.

असे का होत असावे? मूत्रपिंडाच्या तपासणीतल्या क्रिएटिनिनचे उदाहरण घ्या. एखाद्या पुरुषाचा आकडा चार वर्षांपूर्वी ०.८ होता आणि आज १.२ आहे. लॅबच्या कागदावर बहुतेकदा दोन्ही ‘नॉर्मल’च असतात. नवा डॉक्टर आजचा कागद पाहून निर्धास्त होईल. जुन्याला मात्र ०.८ आठवतो, आणि मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता बरीच घटली असावी, अशी शंका त्याला येते. हिमोग्लोबिन, वजन, रक्तदाब यांचेही तसेच आहे: एका आकड्यापेक्षा तो कुठून कुठे सरकला हे महत्त्वाचे.

‘फाइल नेली की झाले’ हे अर्धेच खरे आहे. फाइल हवीच. पण कोणत्या गोळीने चक्कर आली होती, कोणती गोळी परवडेना म्हणून बंद केली, घरात जेवण कोण बनवते, हे त्यात क्वचितच असते. दोन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या एकमेकांना न दाखवता चालल्या, तर धोका आणखी वाढतो. मधुमेहाच्या अनेक गोळ्यांत ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असतात आणि त्या वेगवेगळ्या नावांनी विकल्या जातात. दोन नावे म्हणजे दोन औषधे असे समजून दोन्ही घेतल्या, तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांवर सांधेदुखीसाठी परस्पर घेतलेली वेदनाशामके मूत्रपिंडाला इजा करू शकतात.

‘थेट स्पेशालिस्ट गाठलेला बरा.’ छातीत दुखत असेल, तोंड वाकडे झाले असेल, तर जवळचे मोठे रुग्णालयच गाठा. तिथे ओळखीची वाट पाहू नये. पण थकवा, अंगदुखी, अपचन यांच्यासाठी कोणत्या स्पेशालिस्टकडे जायचे, हेच रुग्णाला ठाऊक नसते.

‘घाटीच्या सरकारी रुग्णालयात काय, रोज नवा डॉक्टर!’ निवासी डॉक्टर बदलतात हे खरे. पण वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत साधारणपणे प्रत्येक युनिटचा ओपीडीचा वार ठरलेला असतो. पुढच्या वेळी त्याच वारी, जुना केसपेपर घेऊन गेलात, तर तेच युनिट आणि तेच वरिष्ठ डॉक्टर मिळण्याची शक्यता बरीच वाढते.

एकाच डॉक्टरकडे जायचे म्हणजे दुसरे मत घ्यायचे नाही, असेही नाही. जरूर घ्या आणि ते घेऊन पहिल्याकडे परत या. डॉक्टर ऐकून घेत नसतील, तर बदलाही. दाखल होऊन उपचार घेतले असतील, तर मागणी केल्यावर ७२ तासांत कागदपत्रे देण्याचे बंधन २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत आहे. या नोंदी तीन वर्षे जपणे बंधनकारक असल्याने मागणी वेळेत करा.