लिहिणारा कोण, नाव कोणाचं?

सबमिशनचा आठवडा आला की सगळ्यात जास्त धंदा कोणाचा होतो? झेरॉक्सवाल्याचा! जर्नल एकजण लिहितो, बाकीचा वर्ग उतरवतो. काचेखाली ट्यूबलाइट लावून शीट छापायची, म्हणजे जीटी मारायची, ही तर इंजिनिअरिंगची परंपराच. त्यात पैसे नसतात, दोस्ती असते, म्हणून कोणाला काही वाटत नाही. (मी कॉन्व्हेंटची, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.)

फायनल इयरला मात्र गोष्ट पैशावर येते. प्रोजेक्ट सेंटरवाले पूर्ण पॅकेजच देतात: सर्किट, कोड, रिपोर्ट, प्रेझेंटेशन, वरून व्हायवाची प्रश्नोत्तरं. बल्लारशाहून गाडीत बसून हैदराबादला गेलं की अमीरपेटमध्ये अशा पाट्या दिसतात. आणि रिपोर्टच्या सुरुवातीला आपण सही करतो की हे काम आमचं स्वतःचं आहे!

लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नसतं, म्हणून याला घोस्टरायटिंग म्हणतात. जगात हा मोठा उद्योग आहे. अमेरिका-इंग्लंडच्या पोरांचे निबंध केनियातले शिकलेले पण नोकरी नसलेले तरुण लिहून देतात, हे २०१९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये आलं होतं. मग ऑस्ट्रेलियाने २०२० मध्ये आणि इंग्लंडने २०२२ मध्ये कायदे केले. दोन्हीकडे गुन्हा विकणाऱ्यावर आहे, घेणाऱ्या विद्यार्थ्याचं कॉलेज बघून घेतं.

आपल्याकडे यूजीसीचे २०१८ चे नियम आहेत. थीसिसमधला मजकूर १० टक्क्यांपर्यंत जुळला तर माफ, ६० च्या वर गेला तर रजिस्ट्रेशन रद्द. पण सॉफ्टवेअर करतं काय? तुमची वाक्यं त्याच्याकडे साठवलेल्या मजकुराशी जुळवून बघतं, बस. कोणी पैसे घेऊन तुमच्यासाठी नवं कोरं लिहून दिलं तर ते कशाशीच जुळत नाही. म्हणजे उतरवणारा सापडतो, लिहून घेणारा सुटतो. त्यात २०२२ च्या शेवटी चॅटजीपीटी आलं आणि भूत फुकटात मिळायला लागलं!

आळशी पोरं विकत घेतात हे खरंच आहे. पण आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत मला दुसरंच कारण जास्त दिसतं. धानोऱ्याकडचे एक सिनिअर दादा होते, बारावीपर्यंत मराठी मीडियम. मोहफुलं वाळवायचा सोलर ड्रायर त्यांनी स्वतः पत्रा कापून, काळा रंग मारून बनवला. रिपोर्ट मात्र इंग्रजीत पाहिजे, म्हणून विकत आणला. व्हायवात एक्स्टर्नलनी एक टेबल उघडलं आणि विचारलं, "चंद्रपूरला मे महिन्यात चौतीस डिग्री? एसीत मोजलं काय?" टेबल कुठल्या तरी समुद्रकाठच्या शहराचं निघालं. आपल्याकडे मे महिन्यात पंचेचाळीस तर सहज होतं, पण दादांनी ते पान वाचलंच नव्हतं.

दादा खाली मान घालून उभे. मग एक्स्टर्नल म्हणाले, "मराठीत सांग बाबा." आणि दादा सुरू झाले! अंगणात वाळवलं की फुलाला माती कशी लागते, वरचं भोक मोठं का ठेवलं, वाफ आत कोंडली की फूल काळं कसं पडतं. पंधरा मिनिटं थांबलेच नाहीत. पास झाले, पण मार्क कापले गेलेच.

हे मला झोंबलं, कारण त्या रिपोर्टचा अॅबस्ट्रॅक्ट मीच लिहिला होता. एका तर्री-पोह्याच्या प्लेटवर! इंग्रजी बरं म्हणून दुसऱ्या वर्षापासून मी अर्ध्या वर्गाचे सेमिनार लिहून देत होते. तो ड्रायर मी डोळ्यांनीही पाहिला नव्हता.

आता मी एक अट घातली आहे. आधी मला वस्तू दाखवायची, मराठीत समजावायची, मग दोघं बसून इंग्रजी वाक्यं करायची. वेळ तिप्पट जातो. परवा एकजण वैतागून म्हणाला, "काहून एवढं डोकं खातेस? पैसे घे अन् लिहून दे ना." तरी बसला.

हेही घोस्टरायटिंगच झालं का, म्हणून मी सरांना विचारलं. सर म्हणाले, "मदत लपवता कशाला? आभाराच्या पानावर लिही ना, भाषेसाठी मदत आणि तुझं नाव." सध्या दोन रिपोर्टांत माझं नाव आहे. तिसरा मुलगा अजून विचार करतोय, मार्क कमी होतील म्हणतो.