पोझोलानाचं गाव

सिव्हिलच्या मंडळींनो, पीपीसी सिमेंटच्या गोणीवर छापलेला 'पोझोलाना' हा शब्द आपण टेस्ट आणि व्हायव्हापुरता पाठ करतो. पण तो एका गावाच्या नावावरून आलाय, हे मला बरंच उशिरा कळलं. ते गाव म्हणजे इटलीतलं, नेपल्सच्या पश्चिमेला समुद्रकाठी वसलेलं पोत्सुओली.

इ.स.पू. सहाव्या शतकात ग्रीकांनी इथे वस्ती केली. इ.स.पू. १९४ मध्ये ती रोमन वसाहत झाली आणि पुढे रोमचं मोठं बंदर बनली. इजिप्तहून धान्याची जहाजं इथे लागत. या परिसरातली ज्वालामुखीची राख चुन्यात कालवली की मिश्रण पाण्याखालीसुद्धा घट्ट होतं, हे रोमन लोकांनी हेरलं होतं. राखेतले सिलिका आणि ॲल्युमिना चुन्याशी संयोग पावतात, म्हणून हे घडतं. विट्रुव्हियसने इ.स.पू. पहिल्या शतकात या राखेबद्दल लिहून ठेवलंय. आजच्या इस्रायलमधल्या सीझरिया बंदरासाठीही नेपल्सच्या आखाताकडची राख जहाजाने नेली होती! आपल्याकडच्या पीपीसीत बहुधा फ्लाय ॲश असते, पण नाव मात्र पोत्सुओलीचंच.

आता गंमत बघा. ही राख दिली कोणी? गावाखालच्या 'काम्पी फ्लेग्रेई' या ज्वालामुखी क्षेत्राने. तो अजून जिवंत आहे. खाली मॅग्मा, तापलेले वायू आणि पाणी यांचा दाब वाढला की जमीन फुगते, उतरला की बसते. याला 'ब्रॅडिसिझम' म्हणतात.

त्याचा पुरावा गावातल्या जुन्या रोमन बाजारात उभा आहे. तिथल्या संगमरवरी खांबांना जमिनीपासून सुमारे साडेतीन मीटरच्या वर भोकांचा पट्टा दिसतो. ही भोकं दगड पोखरणाऱ्या समुद्री शिंपल्यांची! म्हणजे खांब उभेच्या उभे समुद्रात बुडाले आणि पुन्हा वर आले. आपल्या सर्व्हेच्या भाषेत, निसर्गाने रोवलेला लेव्हलिंग स्टाफच. चार्ल्स लायेलने १८३० साली आपल्या भूशास्त्राच्या ग्रंथात आरंभीच या खांबांचं चित्र दिलं.

पण हा नुसता इतिहास नाही. १९७० मध्ये रिओने तेर्रा हा सगळ्यात जुना भाग रिकामा करावा लागला. तिथली माणसं परत राहायला आलीच नाहीत. पुढे त्याच भागाखालचे रोमन रस्ते आणि दुकानं उकरून लोकांना दाखवली गेली. १९८२ ते ८४ मध्ये जमीन सुमारे १.८ मीटर उचलली गेली, बंदर उथळ झालं आणि हजारो लोक घराबाहेर पडले. २००५ पासून जमीन परत वर येऊ लागली. २० मे २०२४ ला ४.४ तीव्रतेचा भूकंप झाला आणि शेकडो लोकांना घरं सोडावी लागली.

बांधकामाला ताकद देणारी राख आणि घरांना तडे देणारे धक्के, दोन्ही एकाच जमिनीतले. मटेरियलचा पेपर सोडवताना आपण पहिली गोष्ट लिहितो. त्या गावात इमारती सांभाळणाऱ्या इंजिनिअरला मात्र दुसरीचा हिशेब रोज ठेवावा लागतो.