जुन्या ट्रॅक्टरला टर्बोचा दम

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात कृषी मेळ्यांतली ट्रॅक्टर ओढण्याची स्पर्धा हमखास गर्दी खेचते. ट्रॅक्टरमागे जड गाडी जोडायची आणि मातीच्या पट्टीवर ती जितकी लांब नेता येईल तितकी न्यायची, हा खेळ. ट्रॅक्टर पुढे जातो तशी गाडीवरची वजनाची पेटीही पुढे सरकते. त्यामुळे गाडीचे तोंड मातीत दाबले जाते आणि ओढ जड होत जाते. ३०० फुटांचा, म्हणजे सुमारे ९१ मीटरचा पल्ला पूर्ण ओढला की ‘फुल पुल’.

या स्पर्धांत फारमॉल एमसारखे जुने ट्रॅक्टरही उतरतात. १९३९ ते १९५२ या काळात तयार झालेल्या या ट्रॅक्टरची ताकद ४० अश्वशक्तीच्याही आत. मग हौशी मालकांना आठवतो टर्बोचार्जर. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूंवर एक चाक फिरते. त्याच दांड्यावरचे दुसरे चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त आणि ताकदही जास्त.

पण हवा दाबली की ती तापते. सायकलच्या पंपाचे टोक गरम होते, तसेच हे. ३० अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली, तर हिशेबाने ती ९० अंशांच्या पुढे जाते. प्रत्यक्षात आणखी तापते. तापलेली हवा विरळ असते, म्हणून दाब दुप्पट झाला तरी हवा जेमतेम दीडपट भरते. शिवाय पेट्रोल इंजिनात अशा गरम मिश्रणाचा काही भाग ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच पेटतो. यालाच ‘नॉकिंग’ म्हणतात. त्याचे हादरे पिस्टनला भोक पाडू शकतात. म्हणून टर्बो बसवणारे जाणकार हवा थंड करण्याची सोय करतात आणि बाहेर पडणाऱ्या वायूंच्या तापमानावर नजर ठेवतात.

खरा धोका मात्र वेगाचा आहे. फारमॉल एमचे इंजिन मिनिटाला सुमारे १,४५० फेऱ्यांसाठी बनले होते. फेऱ्या दुप्पट केल्या, तर फ्लायव्हील आणि क्लचवरचा ताण दुप्पट नव्हे, चौपट होतो. सत्तर-ऐंशी वर्षांच्या बिडात डोळ्यांना न दिसणारी चीर असेल, तर ते फुटून तुकडे गोळीसारखे सुटतात. आणि चालक बसलेला असतो त्यांच्या अगदी जवळ.

म्हणूनच या खेळात ताकद वाढवलेल्या ट्रॅक्टरला क्लचभोवती पोलादी कवच लागते. गाडी सुटली तर इंजिन आपोआप बंद करणारा खटका आणि पुढची चाके उचलली गेल्यावर ट्रॅक्टर मागे उलटू न देणारे दांडेही लागतात. टर्बो हा नंतरचा खर्च. पहिला खर्च कवचाचा.